‘वाडा पाडाच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. संस्थेला दान मिळालेला वाडा म्हणजे पांढरा हत्ती, लाकूड सडलेलं, खोल्या अंधाऱ्या, हेरिटेज म्हणून खिळाही ठोकता येत नाही. त्यापेक्षा पाडा आणि कामाला नवी इमारत बांधा. आमच्या छोट्या संस्थेनं नेमका उलटा उद्योग केलाय, म्हणून हे लिहितोय.

‘लाकूड सडलंय.’ सगळं? आमच्याकडे सागवानी खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, टेकतो तिथं वीतभर भुसा झाला होता. त्याच्या वर टाचणी टोचली तर टाचणीच वाकायची. सुतारानं तुळईला टेकू दिला, सडका भाग कापला आणि जुन्या सागाचाच तुकडा खाच करून बसवला. मूळ दुखणं भिंतीत होतं. कुणीतरी पूर्वी ‘पक्कं’ करायला सिमेंटचा गिलावा मारलेला. विटा-मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडायची वाटच त्यानं बुजवली, मग ती लाकडात शिरली. सगळा गिलावा खरवडून चुन्याचा केला. चुना वाळायला वेळ घेतो, गवंडी वैतागतो, हे कबूल.

‘खिळाही ठोकता येत नाही.’ मुळात प्रत्येक जुना वाडा हेरिटेज यादीत नसतो. असला तरी तिथं श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत फारसा हात लावता येत नाही. दुसरीत आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे चालतो, तिसरीत त्याहून मोकळीक. परवानगीसाठी हेलपाटे पडतात. नव्या बांधकामाला पडत नाहीत का?

‘वाडा राहण्यासाठी, कामासाठी नाही.’ यावर हसूच आलं. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावासाठी १८०७ मध्ये उभा राहिला आणि १८२१ मध्ये तिथं संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढं सरकारी कचेऱ्याही आल्या. टिळकांनी १९०५ मध्ये गायकवाडवाडा घेतला, तोच आजचा केसरीवाडा.

अंधाराचं म्हणाल तर तो भाडेकरूंच्या काळातल्या प्लायवुडचा होता. पार्टिशन काढली आणि चौकातला उजेड माजघरापर्यंत आला. आता सोप्यात, म्हणजे चौकालगतच्या पडवीत, लांब टेबलं आहेत, तीन संस्थांची माणसं शेजारी बसतात.

मेसेजमधली एक शंका मात्र रास्त आहे, वजनाची. फायलींची लोखंडी कपाटं इंजिनिअरनं माडीवर चढवू दिली नाहीत. ती खालीच राहिली, माणसं वर गेली. जिना अजून इतका उभा आहे की विश्वस्तांची मीटिंग ओटीवरच होते.