चित्रपट-परीक्षणाचा ब्लॉग आणि ‘शुक्रवारी पहिला तोच जिंकला’ हा दावा

चित्रपट-परीक्षणाचा ब्लॉग सुरू करू पाहणाऱ्यांना समाजमाध्यमांवर एक ठरीव सल्ला वारंवार दिला जातो : परीक्षण शुक्रवारी सर्वांच्या आधी टाका, मजकुरात कीवर्ड (म्हणजे लोक गूगलवर शोधताना टाइप करतात ते शब्द) भरा, मराठीचा नाद सोडा आणि निर्मात्याकडून पैसे मिळाले तर गाजावाजा न करता घ्या, वाचक आपोआप वाढतील. यातला एकही मुद्दा जसाच्या तसा स्वीकारण्याजोगा नाही.

पहिला मुद्दा वेगाचा. वृत्तपत्रांच्या आणि मोठ्या संकेतस्थळांच्या समीक्षकांना अनेकदा प्रदर्शनापूर्वीच्या खास खेळाचे निमंत्रण असते. त्यामुळे स्वतःच्या पैशाने सकाळचा खेळ पाहून दुपारी लिहायला बसणारा ब्लॉगलेखक ही शर्यत सुरू होण्याआधीच हरलेला असतो. शिवाय त्या दिवशी चित्रपटाचे नाव शोधणाऱ्याला बहुधा खेळाच्या वेळा आणि तिकिटे हवी असतात, विवेचन नव्हे. मराठी चित्रपटाच्या बाबतीत तर ही घाई अधिकच अनाठायी ठरते. मोजके आणि गैरसोयीच्या वेळचे खेळ मिळून दुसऱ्या आठवड्यात पडद्यावरून उतरलेला चित्रपट अनेक प्रेक्षक पुढे ओटीटीवर किंवा दूरचित्रवाणीवर पाहतात आणि शेवटाचा अर्थ काय, कथा कशावर बेतली आहे, असे प्रश्न त्यांना तेव्हा पडतात. गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत साधनात कोणत्या दिवशी कोणत्या शब्दांवरून वाचक आले हे दिसते. ज्याचा ब्लॉग वर्षभर चालू आहे त्याने आपल्या जुन्या लेखांचे आलेख एकदा तरी पाहावेत.

शिकागो सन-टाइम्स या अमेरिकी वृत्तपत्रात १९६७ पासून परीक्षणे लिहिणाऱ्या रॉजर ईबर्ट यांनी दर आठवड्याचे नवे चित्रपट सांभाळूनच १९९६ मध्ये जुन्या श्रेष्ठ चित्रपटांवरील दीर्घ लेखांची मालिका सुरू केली. त्यांच्या पाठीशी वृत्तपत्र आणि दूरचित्रवाणीवरची कीर्ती होती, हे मान्यच आहे. परंतु २०१३ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतरही ते लेख वाचले जातात, आणि त्यांतील एकाही लेखाला शुक्रवारची गरज नव्हती.

कीवर्डविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पानाच्या कोडमध्ये दडवलेली कीवर्डची यादी शोधनिकालांच्या क्रमवारीसाठी विचारात घेतली जात नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते, आणि मजकुरात तेच शब्द कोंबणे ही तर त्यांच्या नियमांनुसार लबाडी ठरते.

मराठीत वाचक नाहीत, हा तिसरा मुद्दा २०११ च्या जनगणनेपुढेच टिकत नाही. त्या वेळी मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात होती. खरी अडचण निराळी आहे. मराठी वाचणारे पुष्कळ जण शोधताना चित्रपटाचे नाव रोमन लिपीत टाइप करतात. म्हणून लेख देवनागरीत ठेवून शीर्षकात किंवा पहिल्या परिच्छेदात चित्रपटाचे नाव रोमन लिपीतही द्यावे. लेखाचा वेबपत्ता मात्र रोमनमध्येच ठेवणे सोयीचे, कारण देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवताना अनेकदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ होऊन बसतो आणि तसल्या दुव्यावर बोट ठेवायला माणूस कचरतो.

चौथा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो पाळणारा ब्लॉगलेखक स्वतःलाच अडचणीत आणतो. भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सरांसाठी) केलेली मार्गदर्शक तत्त्वे जून २०२१ पासून लागू आहेत आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये अशाच सूचना प्रसिद्ध केल्या. पैसे, भेटवस्तू किंवा फुकटचा प्रवास यांपैकी काहीही स्वीकारले असेल तर ते वाचकाच्या सहज नजरेस पडेल अशा रीतीने सांगणे त्यांत अपेक्षित आहे. ते वाक्य परीक्षणाच्या आरंभीच यायला हवे; तळाशी हॅशटॅगांच्या गर्दीत लपवलेला उल्लेख त्यासाठी पुरेसा नाही.