गव्हाचं पाणी

आज कंपनीत ट्रेनिंग होतं. सकाळी दहा ते एक, कॅन्टीनच्या वरच्या हॉलमध्ये. विषय काय, तर 'घरकामातून व्यक्तिमत्त्व विकास'. हसू नका. पंचेचाळीस माणसं लाइन सोडून बसवली होती त्यासाठी.

ट्रेनर तिशीतला पोरगा, गोड बोलणारा. पडद्यावर भांडी घासणारे हात, नखांना नेलपेंट, फेस पांढराशुभ्र. त्या सिंकमध्ये करपलेल्या दुधाचं पातेलं नव्हतं, भाताची शितं नव्हती. म्हणे पोळ्या लाटताना पेशन्स येतो, कपड्यांच्या घड्या घालताना शिस्त येते आणि फ्रिज आवरताना प्राधान्यक्रम कळतो. मग प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. घरकामातून तुम्ही काय शिकलात ते एका शब्दात लिहा.

माझ्या शेजारचा गृहस्थ मी अठरा वर्षं ओळखतो. घरी पाण्याचा ग्लाससुद्धा हातात लागतो त्याला. त्याने लिहिलं, 'टीमवर्क'. टाळ्या पडल्या!

त्याच वेळी मागे आमच्या पॅन्ट्रीतल्या मावशी ट्रे घेऊन कप गोळा करत होत्या. दोन वेळचा चहा धरला तर दिवसाला दोनशेच्या वर कप घासते ती बाई. त्यांना कोणी चिठ्ठी दिली नाही. कप घासून माणूस वाढत असता तर मावशी आज डायरेक्टर असत्या आणि आम्ही त्यांच्या केबिनबाहेर सहीसाठी उभे असतो. डोकं फिरलं माझं. तरी बोललो काही नाही, एक वाजता मुकाट जेवायला गेलो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं चिडायचं कारण काय? कारण आहे. कुरडई.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये ही बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ऐन वाळवणाचे दिवस. ही म्हणाली, यंदा राहू दे. मी क्वालिटीचा माणूस, मला वाटलं यात काय आहे! म्हटलं, तू फक्त प्रोसेस सांग.

तिने पलंगावर पडल्या पडल्या सांगितली. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी वाटायचे, पिळून चीक काढायचा, गाळायचा, रात्रभर ठेवायचा. सकाळी वरचं निवळ पाणी अलगद ओतून द्यायचं, खालचा घट्ट चीक धक्का न लागता राहिला पाहिजे. मग जेवढा चीक तेवढं पाणी उकळायचं, मीठ, हिंग, आणि चीक ओतताना हात थांबवायचा नाही, थांबला की गुठळी. गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. आणि हे सगळं उन्हं चढायच्या आत, म्हणजे पहाटे चारला उठणं आलंच. मी सगळं कागदावर उतरवलं, चौकटी आखल्या आणि फ्रिजवर चिकटवलं. शॉप फ्लोअरवर लावतो तसंच.

दुसऱ्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती. पाणी बदलायचं राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर वास! आपल्याकडे एप्रिल आता काय असतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको; नाशिकला थंड हवेचं गाव म्हणायचे दिवस गेले. गहू फसफसून वर आले होते. मी गुपचूप चार पाण्यांनी धुतले. तेवढ्यात आतून आवाज, "अहो, काल पाणी बदललं नाही ना?"

मी म्हणालो, "बदललं की."

तीन किलो गहू. सोसायटीच्या मागे गाईला घालायला गेलो तर गाईनेही तोंड फिरवलं. शेवटी सकाळच्या घंटागाडीत, ओल्या कचऱ्यात. घंटागाडीवाला म्हणाला, काका, एवढे गहू? काय सांगू त्याला.

संध्याकाळी ही शांतपणे म्हणाली, "कंपनीत असा माल बाद झाला तर काय करता तुम्ही लोक?" म्हटलं, फाइव्ह व्हाय. टोयोटावाल्यांची पद्धत, पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. "मग करा," म्हणाली.

पाणी का बदललं नाही? विसरलो. का विसरलो? कोणी आठवण केली नाही. आठवण का करावी लागते? कारण घरातलं काय कधी करायचं हे माझ्या डोक्यात नसतंच. का नसतं? कारण ते तिच्या डोक्यात असतं. पाचवा 'का' तिने विचारलाच नाही, प्लास्टरचा हात उशीवर ठेवला आणि कूस बदलली.

बावीस वर्षांच्या संसारात मी रोज विचारत होतो, "काही मदत करू का?" किती चांगला नवरा! अरे, मदत कसली? दुसऱ्याच्या कामात करतात ती मदत. दूध संपत आलंय, गॅसचा नंबर लावायचाय, साबुदाणा भिजवायचा तर आदल्या रात्रीच भिजवायला हवा, घंटागाडी रविवारी उशिरा येते. हे सगळं कोणाच्या तरी डोक्यात सतत चालू असतं, आणि त्याची चिठ्ठी होत नाही. कंपनीत याला प्लॅनिंग म्हणतात आणि त्याचा वेगळा पगार देतात.

बरं, भांडी घासताना डोकं शांत होतं हे खोटं नाही. माझंही होतं. तिसरी कढई येईपर्यंत.

आणि ग्रुपमधल्या बायका म्हणतील, सहा आठवडे केलं आणि लागले प्रवचन झोडायला. म्हणा. बरोबरच आहे तुमचं. त्या ट्रेनरला तरी किती शिव्या घालायच्या, त्यालाही स्लाइड कोणीतरी दिल्या असतील.

पण एक गोष्ट वर लिहिताना मी गाळली होती. फ्रिजवरच्या कागदावर दुसऱ्या दिवसाच्या चौकटीत टिक होती. मीच मारली होती, शिफ्टला निघताना, घाईत, 'आल्यावर बदलू' म्हणून. म्हणजे विसरलो हेही पूर्ण खरं नाही. न तपासता टिक मारली म्हणून मी एका ऑपरेटरला लेखी समज दिली होती, त्याच वर्षी. पोरगा दहा मिनिटं मान खाली घालून उभा होता. त्याला पाच 'का' विचारायचं मला सुचलं नव्हतं, सरळ कागद पुढे केला. आता तो दुसरीकडे कामाला आहे, नाहीतर एकदा चहाला नेलं असतं.

तर हे माझं 'व्यक्तिमत्त्व विकासाचं' फळ. चिठ्ठीवर एका शब्दात काय लिहिणार? मी कोरीच दिली.

त्या वर्षी पुन्हा दोन किलो भिजवले. शेजारच्या काकू पहाटे आल्या, चीक घोटायला एकट्याचे हात पुरत नाहीत हे त्यांना न सांगता माहीत होतं. पातेल्यातला चीक पांढऱ्याचा काचेसारखा होत गेला आणि काकू म्हणाल्या, आता झाला. कशावरून, ते त्यांना सांगता येईना. वाटीभर गरम चीक तूप-साखर घालून हिला नेऊन दिला. तिने डाव्या हाताने खाल्ला. मीठ जास्त झालंय म्हणाली, पण वाटी पुसून खाल्ली. गच्चीवरच्या माझ्या कुरडया कुरडया कमी आणि गांडूळखत जास्त दिसत होत्या. तळल्यावर फुलल्या मात्र.

आत्ता टाइप करताना आठवलं, आज हॉलमध्ये माझा कपही मी टेबलावरच ठेवून आलो.

काल यंदाचे गहू भिजत घातलेत. अकरा वाजलेत, आत्ताच पाणी बदलून आलो. फ्रिजवर आता कागद नाही. पण मी इकडे येऊन बसल्यावर ही स्वयंपाकघरात गेली, झाकणाचा आवाज आला, आणि मग दिवा बंद करून ती झोपायला गेली.