तांब्यातला सोडा आणि बोअरचे मॅग्नेशियम

पारोळा तालुक्यात राहणारी माझी मावशी गेल्या आठवड्यापासून पिण्याच्या पाण्यात दर तांब्याला अर्धा चमचा खायचा सोडा टाकते आहे. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. कारण विचारले तेव्हा तिने मोबाइल पुढे केला. बोअरच्या पाण्यातला मॅग्नेशियम धातू सोड्याने तळाशी बसतो, पाणी गोडे होते आणि मूतखडा टळतो, असा तो संदेश. पुरावा म्हणून पांढरा थर चढलेल्या पातेल्याचा फोटो.

पाण्यात धातूचे कण नसतात. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातच मॅग्नेशियम दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनाच्या रूपात बांधलेले असते. पावसाचे पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, दगड झिजवते, आणि मॅग्नेशियमचे आयन व बायकार्बोनेट दोन्ही सोबतच भूजलात उतरतात.

आता खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच. जे आधीपासून मॅग्नेशियमच्या शेजारी विरघळून नांदते आहे, तेच आणखी ओतल्याने मॅग्नेशियम खाली कसे बसणार? पाणी मृदू करतो तो धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट; संदेश लिहिणाऱ्याने दोन डब्यांची अदलाबदल केलेली दिसते, आणि उद्या कोणी खरोखरच दुसरा डबा उचलला तर तोंड-घसा पोळेल. मावशीच्या तांब्यात मॅग्नेशियम जिथल्या तिथे राहते, वाढते ते सोडियम. अर्ध्या चमच्यात साधारण अडीच ग्रॅम सोडा धरला, तर त्यात सुमारे ०.७ ग्रॅम सोडियम येते. दिवसाला तीन तांबे झाले की जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली २ ग्रॅमची मर्यादा भाकरी-भाजीतले मीठ मोजण्याआधीच गाठली जाते. रक्तदाबाच्या माणसाला हा उपाय सुचवणाऱ्याला काय म्हणावे!

फोटोतला थर मात्र खरा आहे, एवढे मान्य करावे लागते. उकळताना बायकार्बोनेट फुटते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट भांड्याला चिकटते. पण ही करामत चुलीची आहे, सोड्याची नव्हे, आणि सल्फेट-क्लोराइडसोबत आलेले मॅग्नेशियम उकळूनही जात नाही.

मूतखड्याचे थोडक्यात: बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, मॅग्नेशियमचे नव्हेत. पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) मॅग्नेशियमची स्वीकार्य मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १००. आपले पाणी कुठे बसते, हे प्रयोगशाळेतच कळते.

मावशीने बाटली भरून तपासणीला दिली आहे. सोड्याचा डबा तिने फेकलेला नाही, कारण त्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही आणि चिमूटभर सोड्याने शिजते, हे तिचे म्हणणे बरोबर आहे.