सर्वर इलो काय?

माझा भाचा पुण्याला एका अ‍ॅपवाल्या कंपनीत आहे आणि त्याचं काम काय, तर एकदा अ‍ॅपवर येऊन गेलेला माणूस परत कसा येईल ते बघायचं. बस. ह्याचा पगार मिळतो, आणि बरा मिळत असणार, कारण दर मे महिन्यात तो स्वतःच्या गाडीने गावी येतो आणि जाताना ताईसाठी म्हणून हापूसच्या चार पेट्या डिकीत टाकतो. (पेट्यांचे पैसे तो देत नाही आणि मीही मागत नाही. बहिणीला माहेरचा आंबा, त्यात कसला हिशोब.)

यंदा पडवीत बसून मला शिकवत होता. रोज आलं की एक नाणं द्यायचं, सलग सात दिवस आलं की कूपन, आणि दोन दिवस कोणी फिरकलं नाही तर मोबाईलवर टिंग करून ‘आम्हाला तुमची आठवण येते’ असं पाठवायचं. एवढं करून लोक परत येत नाहीत म्हणे, अ‍ॅप काढून टाकतात.

म्हटलं बाळा, तू चुकीच्या ठिकाणी नोकरी धरलीस. मी गेले दोन महिने एका सरकारी साइटवर रोज जातोय, नाणं नाही, कूपन नाही, आठवण तर त्यांना माझ्या आजोबांचीसुद्धा येत नसेल, उलट त्यांनीच माझे १५ रुपये ठेवून घेतलेत.

झालं असं की मला सातबारा हवा होता. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुने २१, पण कोकणात जेवढी म्हणून भांडणं आहेत ती सगळी ह्या सात आणि बारा नंबरवरची. फुकटात दिसतो तो उतारा नुसता बघायला, बँकेत नाहीतर विम्याला लावायचा तर डिजिटल सहीचा लागतो, त्याचे १५ रुपये. मी भरले. चक्र फिरलं, फिरलं, बँकेचा मेसेज आला पैसे गेले, आणि स्क्रीन पांढरी. माणसाचं कसं असतं बघा, हजार रुपये कोणी बुडवले तर तो चार शिव्या देऊन गप्प बसतो, पण १५ रुपये अडकले की झोप उडते. दुसऱ्या दिवशी गेलो ते उताऱ्यासाठी नाही, माझे १५ रुपये आहेत का मेले ते बघायला. तिसऱ्या दिवशीपण. चौथ्या दिवशी पैसे खात्यात दिसले आणि इतका आनंद झाला की त्याच भरात परत १५ भरले आणि परत स्क्रीन पांढरी.

मग उतारा मिळाला एकदाचा, पण मिळाला नसता तर बरं झालं असतं. आमचे काका माळकरी, आषाढी-कार्तिकी चुकवत नाहीत, वय ८१, आणि त्यांच्या नावाच्या शेवटी ‘राम’ आहे. कुठला राम ते सांगत नाही. टायपिंग करताना कोणाकडून तरी काना उडाला असणार, त्यामुळे उताऱ्यावर काका आता ‘रम’ आहेत. मी मोठ्याने वाचून दाखवलं ही माझी चूक. दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, नुसती तुळशीची माळ चाचपत बसले, आणि मग म्हणाले, “आयुष्यात थेंब घेवक नाय, आणि सरकारान माका रम करून ठेवल्यान?”

तलाठी आप्पा (त्यांना हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण वाडीत आप्पा ते आप्पाच) म्हणाले काही घाबरू नका, लेखनदोष आहे, कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज टाका, होईल. अर्ज टाकला. आणि तिथून सुरू झालं स्टेटस बघणं. दारूचं व्यसन परवडलं. अर्ज ‘प्रक्रियेत’ आहे हे मला तोंडपाठ आहे, तरी मी रोज सकाळी चहाआधी ते एकदा वाचतो.

वाचतो म्हणजे कुठे, तर सड्यावर. आमचं घर खाली व्हाळाजवळ, तिथे रेंज येत नाही. पाखाडी चढून वर कातळावर गेलं की काजूच्या झाडाखाली एक चिरा टाकलाय, त्या चिऱ्यावर बसून तोंड तालुक्याकडे केलं की टॉवरच्या तीन काड्या लागतात. तोंड समुद्राकडे केलं की एक. ह्या कातळावर गवत आणि तो एक काजू सोडला तर काही उगवत नाही म्हणून सातबाऱ्यावर ती सगळी जागा ‘पोटखराबा’ म्हणून लिहिलेली आहे, म्हणजे लागवडीच्या कामाची नाही. अख्ख्या वाडीची बँक, रेल्वे रिझर्वेशन, बारावीचे निकाल आणि दोन लग्नं ह्या पोटखराब्यात झाली.

मी वर बसलो की काका खालून अंगणातून हाक मारतात, “इलो काय रे सर्वर?”

“नाय इलो.”

“मगे जेव आधी. रात्री येतलो तो.”

काकांच्या हिशोबात सर्वर हा शेवटच्या एसटीचा ड्रायव्हर आहे. कधी येतो, कधी येत नाही, पण येतो तेव्हा तयार असायला हवं.

आणि तयारी केवढी. काकीच्या एका दाखल्यासाठी फोटो चढवायचा होता, साइट म्हणते वीस केबीच्या आत पाहिजे. दाबून दाबून एकोणीस केबीला आणला तेव्हा फोटोतली काकी म्हणजे भर आषाढात मालवणच्या जेटीवरून दिसणारा सिंधुदुर्ग किल्ला. काहीतरी आहे एवढं कळतं. काकी म्हणाली, “माका इतकी काळी कित्याक केलंस?” साइटने मात्र कौतुकाने स्वीकारला. पासवर्डचं तर विचारू नका. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह लागतं, असं कोणाच्या लक्षात राहतं, म्हणून मी कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवला होता, वर्ष संपलं, काकीने ते पान फाडून त्यात सुकी सुंगटं बांधून नालासोपाऱ्याला पाठवली. आमचा पासवर्ड सध्या नालासोपाऱ्यात आहे.

नालासोपाऱ्यावरून आठवलं. शेतकऱ्यांना वर्षाला सहा हजार मिळतात, दोन-दोन हजार करून, त्याची ई-केवायसी करायची होती. काकांच्या आधारला नंबर जोडलाय तो नालासोपाऱ्याच्या चुलतभावाचा. ओटीपी जाणार त्याला. मी सड्यावर, तो विरार लोकलमध्ये सकाळी पावणेनऊला. इकडे घड्याळ उलटं पळतंय आणि तो फोन उचलून म्हणतो, अरे ओटीपी आलाय, मेसेज वाजला मला कळलं, पण फोन छातीच्या खिशात आहे आणि हात बाजूच्या माणसाच्या पाठीमागे अडकलाय, हा फोनपण कानातल्या त्या बटणाने उचललाय. म्हटलं कोणाला तरी वाचायला सांग. तर बाजूचा माणूस सज्जन, त्याने हनुवटीने खिसा खाली केला म्हणे, आणि चार आकडे वाचून दाखवले, दोन राहिले, अंधेरी आली. पब्लिक उतरलं, फोन हातात आला, आणि माझ्याकडे ‘आपले सत्र समाप्त झाले आहे’.

भाचा हे सगळं ऐकून हसला नाही. लॅपटॉप घेऊन माझ्याबरोबर सड्यावर आला. आधी साइटवर उजवीकडून डावीकडे पळणारी सूचना बघितली, मग ते लाल लुकलुकणारं ‘नवीन’, जे माझ्या आठवणीत तीन वर्षं नवीनच आहे, आणि मग तळाशी गेला तर तिथे भेट देणाऱ्यांची संख्या. आठ आकडी. तो बघतच राहिला. आमच्या अ‍ॅपला हे स्वप्नात नाही मिळत मामा, म्हणाला. म्हटलं त्यातले दोनशे मी एकटा आहे, आणि बाकीचेपण माझ्यासारखेच कोणीतरी चिऱ्यावर बसलेले असणार.

तसं एक साइट लोक खुशीने बघतात, हवामान खात्याची. शेजारी मच्छीमार आहे, १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, त्याआधीच्या शेवटच्या फेऱ्या चालल्या होत्या, तो पहाटे सड्यावर येऊन आजचा इशारा हिरवा आहे की पिवळा की ऑरेंज एवढं बघतो आणि जातो, कॅप्चा नाही की काही नाही. भाच्याने त्याला विचारलं तुम्ही रोज परत का येता? तो म्हणाला, “होडी बुडवूची नाय म्हणान.” भाच्याने हे वहीत लिहून घेतलं.

त्या रात्री दोन वाजता जाग आली तर पडवीत भाचा नाही. सड्यावर उजेड. धावत वर गेलो, तर हा चिऱ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन, अंगावर डास, आणि माझ्याकडे न बघता म्हणतो, मामा आत्ता मस्त चालतेय, कोणी नाहीये साइटवर. विभाग कोकण, मग जिल्हा, तालुका, गाव, मग आडनाव टाकलं की सगळे. एकेक गट नंबर उघडत बसला होता. एक ठिकाणी १२ गुंठे आणि ४३ नावं. मला विचारायला लागला हे कोण, ते कोण. मीपण बसलो. वारलेले मोठे काका, मुंबईला गिरणीत गेलेले ते परत न आलेले चुलते, एक नाव तर असं की ते कोण हे आता सांगायला कोणी उरलं नाही, पण हिस्सा आहे, सव्वा गुंठ्याच्या आत. पहाटे कोंबडा आरवला तेव्हा आम्ही चौथ्या पिढीत होतो. तेव्हाच ह्याला अडवायला हवा होता हे माझ्या लक्षात आलं नाही.

चार पेट्या घेऊन भाचा गेला. मला वाटलं गेला, विसरला. परवा मी सड्यावर ‘प्रक्रियेत’ वाचत होतो तर त्याचा फोन.

“मामा, मी रोज रात्री जातो हां साइटवर. सवयच लागली. आईचं नाव सापडलं.”

“अरे वा.”

“पण तुमच्या नावांबरोबर मालकांत नाहीये. तिकडे ‘इतर हक्क’ म्हणून रकाना आहे त्यात आहे. वर सोसायटीच्या कर्जाचा बोजा, खाली विहिरीचा हक्क, आणि मध्ये आई.”

मी म्हटलं पूर्वी तसंच लिहायचे रे, बहिणींची नावं तिकडेच घालायचे.

“हो, पण २००५ च्या कायद्याने मुलींना मुलाएवढाच हक्क आहे ना? मी आईला विचारलं, ती म्हणाली मामाला विचार. मग ते वर कसं घ्यायचं? फेरफार, म्हणजे नोंद बदलायचा अर्ज, टाकायचा का? ऑनलाइन होतो ना तो?”

तोंड तालुक्याकडे होतं, तीन काड्या होत्या. मी चिऱ्यावर बसल्या बसल्या हळूच समुद्राकडे वळलो.

“हॅलो? हॅलो? अरे आवाज तुटतोय तुझा.”

“मला तर तुमचा नीट येतोय मामा.”

“हॅलो?” म्हणून ठेवला.

तेवढ्यात खालून अंगणातून हाक आलीच. “इलो काय रे सर्वर?”

“नाय काका,” मी वरून ओरडलो, “डाऊन आसा.”