गेमच्या दुकानात गेम मागू नये

व्हिडिओ गेमच्या दुकानात जायचं ठरवलंयत? जरूर जा. फक्त आत शिरल्या शिरल्या गेम मागू नका, सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं. काउंटरमागचा पोरगा आधी तुमच्याकडे बघतो, मग मागच्या कोपऱ्याकडे. तिथे मोज्यांचे जोड आणि कॉफीचे मग यांच्या मधल्या जागेत काही डबे अजून उभे असतात. त्यातले नेमके कुठले विकायचे आणि कुठले नुसते रिकामे, हे त्यालाही उघडून बघावं लागतं.

आधी बाहुल्या बघाव्यात, ती रीत आहे. भलंमोठं डोकं, काळ्या बटणासारखे डोळे, आणि तोंड नाही. नायक, खलनायक, राक्षस, सगळे एका आईची लेकरं. भिंतभर बाहुल्या बघून झाल्या की पत्त्यांची पाकिटं, टी-शर्ट, किल्ल्यांना लावायच्या साखळ्या. एवढं केल्यावर सहज आठवल्यासारखं करून, जरा हलक्या आवाजात विचारावं, ‘गेम असतात का हो?’

काही जुन्या सवयी घरीच ठेवून या. डबा उलटा करून मागची चार चित्रं न्याहाळत अर्धा तास उभं राहणं, ही त्यातली पहिली. दुसरी म्हणजे विक्रेत्याला ‘हा कसा आहे?’ विचारणं. पूर्वी काउंटरवरचा पोरगा स्वतः खेळणारा असायचा आणि मालकाचं लक्ष नाही असं बघून सांगायचा, ‘नको घेऊ, शेवट फार भिकार आहे.’ तिसरी सवय घरी जाता जाता वाटेतच डबा फोडून पुस्तिका वाचण्याची. पुस्तिका आता शोधू नका. २०१० साली युबिसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या कंपनीने पर्यावरणाचं नाव घेऊन छापील पुस्तिका बंद करायचं जाहीर केलं, आणि हळूहळू सगळ्यांनाच झाडांचा कळवळा आला. प्लास्टिकचा डबा मात्र राहिला. पुस्तिका धरून ठेवायच्या छोट्या क्लिपासुद्धा बऱ्याच डब्यांत कितीतरी वर्षं तशाच होत्या, काहीही न धरता.

‘नवीन’ या शब्दाचा दुकानातला अर्थ समजून घ्या. मी एकदा नवीन प्रत मागितली. पोराने फळीवरचा डबा काढला, खणातून कागदी पाकिटातली डिस्क काढली, डब्यात बसवली आणि कडेवर गोल चिकटपट्टी दाबली.

‘अहो, हे उघडलेलं आहे.’

‘उघडलंय. वापरलेलं नाहीये.’

हा फरक पाठ करून ठेवा. कारण हाच डबा घरी नेऊन, न खेळता, दुसऱ्या दिवशी तुम्ही विकायला आणलात तर तो वापरलेला असतो.

जुने गेम विकायला जाताना मन घट्ट करून जावं. पोरगा डिस्क उजेडात तिरपी धरतो, सराफाने खडा बघावा तशी. एक सुस्कारा टाकतो. मग एक आकडा सांगतो. तो ऐकून तुम्ही चुकून ‘प्रत्येकी?’ असं विचाराल, विचारू नका. रोख हवे असतील तर आणखी कमी, दुकानात जमा ठेवलेत तर जरा बरे. दोन आठवड्यांनी तोच डबा फळीवर दिसतो, आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं तुमचं नाव तसंच असतं, आणि वरच्या चिकटपट्टीवर असा आकडा असतो की आपल्या वस्तूची किंमत आपल्यालाच कळली नव्हती म्हणून लाज वाटावी. ती चिकटपट्टी नखाने काढायला जाऊ नका. अर्धीच निघते.

पैसे देताना चौकशी होईल, घाबरू नका. सभासद आहात का? फोन नंबर? डिस्कवर ओरखडा पडला तर बदलून मिळण्याची योजना? पुढच्या वर्षी येणाऱ्या गेमचं आगाऊ बुकिंग? शेवटच्या प्रश्नाला तरी ‘हो’ म्हणा, त्या पोराच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं. माल संपेल या भीतीने पूर्वी आगाऊ बुकिंग करत. आता बहुतेक माल इंटरनेटच्या तारेतून येतो आणि तारेतला माल संपत नाही, तरी बुकिंग आहेच, कारण बुकिंग करणाऱ्याला नायकासाठी वेगळी टोपी मिळते. बाजारात तुरी, तसा हा व्यवहार. आठवतंय ना, १० डिसेंबर २०२० ला सायबरपंक २०७७ हा गेम अर्धाकच्चाच बाजारात आला, आणि आठवड्याभरात, १७ तारखेला, प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून उतरवून पैसे परत द्यायला काढले. मुहूर्त गाठायची ज्यांना घाई होती त्यांनी तो गाठला होता.

आता डिस्कविषयी. डिस्क घेतली म्हणजे गेम घेतला अशी समजूत असेल तर ती दुकानाच्या दारातच सोडा. २०२२ च्या कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर २ या गेमच्या, सोनीच्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलसाठीच्या डिस्कवर जेमतेम सत्तर-एक मेगाबाइट मजकूर निघाला, बाकी सगळा गेम घरी डाउनलोड करायचा. २०२५ साली आलेल्या निन्टेन्डोच्या स्विच २ या कन्सोलच्या गेमच्या काही डब्यांत कार्ड असतं, पण त्यात गेम नसतो, गेम उतरवून घ्यायची किल्ली असते. उतरवून घेतल्यावरही खेळताना दर वेळी कार्ड खाचेत हवंच. हे कार्ड पुढे विकता तरी येतं, हे खरं. तेवढं श्रेय द्यायला हवं. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोला डिस्क घालायची जागाच नाही, ती वेगळी विकत घेऊन बसवायची.

यात कंपन्यांना नावं ठेवू नका. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन हा आपला कन्सोल जाहीर केल्यावर सरळच सांगितलं होतं की जुने गेम कसे विकायचे, उसने कसे द्यायचे, याला नियम लागतील. केवढा गहजब झाला! सोनीने काही सेकंदांची चित्रफीत काढली: गेम दुसऱ्याला कसा द्यावा? एकाने डबा दुसऱ्याच्या हातात दिला, संपलं. लोक लोटपोट हसले, आणि त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. मग पुढच्या काही वर्षांत आपण सगळे आपल्या पायांनी, सवलतीच्या ऑनलाइन सेलमध्ये एकेक बटण दाबत, तिथेच जाऊन बसलो. आमच्याकडे डबा द्यायला माणसं आहेत अजून, डबा नाही.

‘मग घरबसल्याच घेऊ की’ म्हणत असाल तर तेही दुकानच आहे, त्याचंही शटर पडतं. निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएस या आपल्या जुन्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलं. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टने द क्रू या फक्त ऑनलाइनच चालणाऱ्या गेमचे सर्व्हर बंद केले, त्यानंतर डिस्कवाले आणि बिनडिस्कवाले यांच्यात काही भेद उरला नाही. डिस्कवाल्यांकडे निदान गोल आरसा आहे.

दुकानावर तुमचं खरंच प्रेम असेल तर शेअर घ्या. गेमस्टॉप या गेमच्या दुकानांच्या अमेरिकी कंपनीवर लोकांचं असं प्रेम होतं की जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला वीस डॉलरच्या खाली असलेला तिचा शेअर महिना संपायच्या आत एकदा ४८३ डॉलरला शिवून आला. त्यातल्या कितीजणांनी वाटेत दुकानात डोकावून एखादा गेम घेतला, हे मात्र विचारू नये. २०२२ च्या जुलैत कंपनीने एनएफटी या डिजिटल मालकीपत्रांचा बाजारही मांडला, म्हणजे हातात धरता येत नाही अशी वस्तू विकायला सुरुवात केली. २०२४ च्या सुरुवातीला तो बाजार गुंडाळला.

एक साधी सूचना राहिली: पावती हातात मागून घ्या. जून २०२५ मध्ये स्विच २ पहिल्यांदा विकायला आला तेव्हा याच गेमस्टॉपच्या एका शाखेत पावत्या खोक्यांना स्टेपल केल्या, आणि पिना थेट आतल्या पडद्यांत घुसल्या. कंपनीने नंतर तो स्टेपलर लिलावात काढला. दुकानातली जपून ठेवण्यासारखी वस्तू शेवटी ती निघाली.

मागच्या वेळी मी बाहुल्यांच्या भिंतीपाशी उभा होतो. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा काउंटरवर डबा घेऊन आला आणि विचारू नये तेच त्याने विचारलं, ‘दादा, हा कसा आहे?’ काउंटरमागच्या पोराने आतल्या दाराकडे एक नजर टाकली, पुढे वाकला आणि पुटपुटला, ‘नको घेऊ.’

असं काही कानावर आलं तर बाहुल्यांकडे बघत राहावं. ऐकूच आलं नाही असं दाखवावं.