सुटलं म्हणे, पण कसं?

"झालं, सुटला प्रॉब्लेम. थँक्स!" सॉफ्टवेअरच्या अडचणी विचारायच्या ऑनलाइन फोरमवर एवढंच लिहून मोकळे, बस्स. कसा सुटला, ते सांगायचंच नाही! आधी प्रश्न विचारताना नुसतं "चालत नाहीये, अर्जंट." एररचा मजकूर नाही, व्हर्जन नाही, काय काय करून पाहिलं त्याचा पत्ता नाही. चार जण हातातलं काम सोडून एकेक माहिती खोदून काढतात, तर्क लढवतात, आणि उत्तर सापडलं की विचारणारा गायब. दोन वर्षांनी तीच एरर मला येते, शोधत शोधत मी तिथेच पोचतो आणि समोर तेच "सुटला". जीव अक्षरशः तळमळतो. अरे, दोन ओळी लिहा ना! कुठली सेटिंग बदलली, एवढंच. आणि "गुगल कर" म्हणून नवख्याला हाकलणाऱ्यांनो, तुम्हालाही कुणीतरी शिकवलंच होतं ना?