काकू, तुम्हाला अशक्तपणा आहे का?

इंदूरच्या आम्हा मराठी फिजिओथेरपीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘हाताचं अपंगत्व मोजणारी डॅश प्रश्नावली दोन्ही भाषा येणारा कुणीही संध्याकाळभरात मराठीत आणेल. उलट भाषांतर इंग्रजीशी जुळलं, अल्फा (उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) 0.9 च्या वर आला, की झालं काम. पुण्याची मराठी इंदुरात चालतेच. बाकी सगळं थिसिसची पानं भरणं.’

पानं भरली जातात, कबूल. मीही भरलीत. बाकीचं पटत नाही.

उलट भाषांतराचंच घ्या. डॅशच्या 30 प्रश्नांत एक खांदा-दंड-हातातल्या ‘वीकनेस’चा आहे. मराठीत ‘अशक्तपणा’ लिहा, परत इंग्रजीत न्या, ‘वीकनेस’च येतो. कागदावर पैकीच्या पैकी! पण सुदामानगरच्या एका काकूंनी तिथे ‘अजिबात नाही’वर खूण केली. “अशक्तपणा कशाचा? हिमोग्लोबिन 12 आहे माझं.” मग विचारलं, हातात जोर वाटतो का? “छे, कुकरचं झाकण सूनच लावते.” उलट भाषांतर करणाऱ्याला ही काकू दिसतच नाही. म्हणून तर भाषांतरानंतर 30-40 जणांकडून फॉर्म भरून घेऊन, प्रत्येक प्रश्न त्यांना काय कळला हे विचारायची रीत आहे.

असे दोन-चार शब्द चुकले तर काय बिघडतं? हिशेब करा. प्रत्येक उत्तर 1 ते 5; सरासरीतून 1 वजा करून 25 ने गुणायचं, म्हणजे 0 ते 100 गुण. चार प्रश्नांत तीन-तीन पायऱ्यांची गफलत झाली, की 10 गुण इकडचे तिकडे. आणि रुग्ण खरंच सुधारला असं म्हणायला साधारण 10 ते 15 गुणांचाच फरक लागतो.

अल्फाबद्दल थोडक्यात: उत्तरं एकमेकांना धरून आहेत, एवढंच तो सांगतो. काय मोजलं गेलं, ते नाही. एकच गोष्ट फिरवून-फिरवून विचारली तरी तो वर चढतो; 0.95 च्या पुढे गेला तर मी उलट शंका घेते.

राहिली पुण्याची मराठी. ‘मुंग्या येतात का?’ विचारल्यावर आमच्याकडची तरुण मंडळी क्षणभर थांबतात. ‘झुनझुनी’ म्हटलं की लगेच मान हलते. बरं, शब्दांचं कोडं सुटलं तरी प्रश्नांत विचारलेली कामं उरतातच. छंदांच्या प्रश्नांत गोल्फ आणि फ्रिस्बीची उदाहरणं आहेत. न केलेल्या कामाचाही अंदाज द्यायचा असतो, पण आमच्या आज्या सरळ जागा रिकामी सोडतात, आणि तीनपेक्षा जास्त जागा रिकाम्या राहिल्या की गुणच काढता येत नाहीत. त्याच आज्या पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस करायला डझनभर कणसं किसतात. मनगटाची परीक्षा तिथे होते, फ्रिस्बीत नाही.

संध्याकाळभरात भाषांतर होतं, हे मात्र खरं. माझा पहिला मसुदा तसाच झाला होता, ‘अशक्तपणा’सकट.